रातांबा : खुंटही रानाचा, काडीही रानाची

कोकणात रातांबा, रातांबी किंवा कोकम या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या झाडाचा उपयोग रत्नागिरीच्या घराघरांत कित्येक शतकांपासून होत आला आहे. त्याची पद्धतशीर लागवड मात्र या जिल्ह्याच्या शेतीच्या इतिहासातील अगदी अलीकडची गोष्ट असून एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढीच ती जुनी आहे. नारळ, सुपारी, फणस आणि आंबा यांना कोकणी माणसाने परसात जागा दिली, पाणी घातले, त्यांच्यातले बरे-वाईट पारखले आणि त्यांना नावे दिली. रातांब्याच्या वाट्याला यांतले फारसे काही आले नाही. ज्या झाडावाचून वर्षभराचे कालवण आणि आमटी होत नसे, ते झाड रानाने वाढवावे आणि माणसाने फक्त त्याची फळे वेचावीत, असा हा व्यवहार होता. तो इतका दीर्घकाळ का टिकला, कशामुळे बदलला आणि बदलताना रानातले काय बागेत आले व काय मागे राहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या झाडाच्या नावांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण त्या नावांतच त्याच्या उपयोगाचा अर्धा इतिहास आहे. 'राता' म्हणजे लाल. त्याला 'आंबा' जोडून पिकलेल्या फळाला रातांबा हे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. वाळवलेल्या सालीला रत्नागिरीत आमसूल किंवा आमसोल म्हणतात. त्यातला 'सोल' म्हणजे साल आणि 'आम' म्हणजे आंबट, आणि हाच 'सोल' पुढे सोलकढीच्या नावात टिकून राहिला आहे. सालीच्या व गराच्या खारवलेल्या रसाला आगळ म्हणतात, बीपासून निघणाऱ्या घट्ट तेलाला मुठेल म्हणतात, आणि कोकम हा शब्द तर झाड, फळ, साल आणि सरबत या सगळ्यांना सारखाच लागू होतो. दक्षिणेकडे मालवणी मुलखात व गोव्यात याच झाडाला भिरंड म्हणतात, तर कर्नाटकच्या किनाऱ्यावर ते मुरुगल म्हणून ओळखले जाते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत येणारे 'वृक्षाम्ल' म्हणजे कोकमच, अशी वैद्यांची परंपरा आहे. एकाच झाडाच्या फळाला, सालीला, रसाला आणि तेलाला इतकी वेगवेगळी आणि रोजच्या बोलण्यात रुळलेली नावे असावीत, यावरून लोकांनी त्याचा कण न् कण वापरला होता हे उघड होते. आणि तरीही फळाच्या आकारावरून, गोडीवरून किंवा हंगामावरून जातींची नावे मात्र पडली नाहीत. आंब्याच्या बाबतीत प्रत्येक गावात बिटकी, शेपू, गोटी अशी रायवळ झाडांची ओळख असते. रातांबा मात्र सरसकट रातांबाच राहिला. ज्या झाडाची निवड होत नाही त्याला वेगळे नाव लागत नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते.

वनस्पतिशास्त्रात या झाडाला गार्सिनिया इंडिका म्हणतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि त्याच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात, कोकणापासून कर्नाटक-केरळपर्यंत, ते आपोआप उगवते. सदाहरित, सरळ वाढणारे, फांद्या खाली झुकलेल्या आणि लांबून पाहता शंकूसारख्या आकाराचे हे झाड दहा ते पंधरा मीटरपर्यंत उंच होते. त्याची कोवळी पालवी तांबूस असते, आणि कोठेही ओरखडा काढला तरी पिवळसर चीक येतो. रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत, डोंगरातून उतरणाऱ्या व्हाळांच्या काठाने, शेतांच्या बांधांवर आणि ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या देवरहाटीत ते आजही आढळते. सड्यावरच्या उघड्या कातळापेक्षा त्याला व्हाळाचा ओलावा आणि मोठ्या झाडांची सावली अधिक मानवते, आणि ही सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण लागवडीच्या वेळी तिचाच विचार करावा लागतो. फळातला बियांभोवतीचा आंबटगोड गर वानरे, माकडे आणि पक्षी खातात, बिया इकडेतिकडे टाकतात, आणि पहिल्या पावसात त्या रुजतात. माणसाने न लावता हे झाड गावाच्या इतक्या जवळ राहिले, त्याचे श्रेय बहुतांशी या प्राण्यांकडे जाते.

लिखित इतिहासात या फळाचा स्पष्ट उल्लेख सोळाव्या शतकात गोव्यात सापडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात 'ब्रिंडाँव' या नावाने त्याने या फळाची नोंद केली. काही वर्षांनी गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन यानेही १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात जवळपास तीच माहिती दिली. फळ बाहेरून थोडे तांबूस, आतून रक्तासारखे लाल आणि चवीला अतिशय आंबट आहे. ते रंगाऱ्यांच्या कामी येते. त्याच्या साली राखून ठेवतात आणि सिरका करण्यासाठी काही पोर्तुगीजांनी त्या समुद्रापार नेल्या आहेत, असा या नोंदींचा आशय आहे. या वर्णनात झाडाच्या बागेचा उल्लेख नाही. वाळलेली साल हाच व्यापाराचा माल आहे. वाळलेली साल हलकी असते, टिकते आणि जहाजात जागा कमी घेते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या व्यापारात ती सहज सामावली. चिंचेवर चालणाऱ्या देशावरच्या स्वयंपाकात कोकमाला फारशी जागा मिळाली नाही, पण गुजरातच्या डाळीत ते पोहोचले आणि टिकले, हे किनारी वाहतुकीचेच फळ म्हणावे लागेल.

ब्रिंडाँव हे भिरंड या शब्दाचेच पोर्तुगीज रूप आहे, आणि तेच पुढे शास्त्रीय नावात शिरले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ त्वार याने १८०४ साली या झाडाला 'ब्रिंडोनिया इंडिका' असे नाव दिले. १८२४ साली श्वाझी याने ते मँगोस्टीनच्या, म्हणजे मलायाकडील प्रसिद्ध गोड फळाच्या, कुळातील गार्सिनिया या प्रजातीत घातले आणि कोकणी शब्दाचा तो अंश शास्त्रीय नावातून गळला. गार्सिनिया हे नाव गार्सिया द ओर्तावरून पडले, असा समज पुष्कळदा ऐकू येतो. तो चुकीचा आहे. लिनियसने हे नाव १७५३ साली लॉरां गार्सँ या निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिले होते, ज्याने डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असताना मँगोस्टीनचे वर्णन केले होते. कोकमाची पहिली नीट नोंद करणाऱ्या वैद्याचे नाव आणि झाडाचे शास्त्रीय नाव इतके सारखे असावे, हा निव्वळ योगायोग आहे.

ज्या घरगुती उद्योगामुळे हे झाड रानात असूनही घरचे राहिले, त्याचे वर्णन थोडे सविस्तर करणे आवश्यक आहे. झाडाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान फुले येतात आणि एप्रिल ते जून या काळात फळे पिकतात. आकडीने फांद्या हलवून किंवा झाडावर चढून पाडलेली, साधारण लिंबाएवढी, जांभळट लाल फळे अंगणात आणली की 'रातांबे फोडणे' हे काम सुरू होते, आणि ते प्रामुख्याने घरातल्या बायकांचे असते. फळ विळीवर आडवे चिरून किंवा दोन्ही हातांनी दाबून उघडतात, आतल्या बिया गरासह एका भांड्यात काढतात आणि सालीच्या वाट्या वेगळ्या ठेवतात. गर व बिया मिठात कालवल्या की त्यांतून रस सुटतो; हाच रस गाळून आगळ होतो. साली उन्हात पसरतात, संध्याकाळी त्या या खारट रसात बुडवून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घालतात, आणि असे चार-पाच दिवस, काही घरांत सात दिवसही, चालते. या क्रियेला पुट देणे म्हणतात. औषधाला पुट देण्याची जी वैद्यांची भाषा, तीच येथे स्वयंपाकघरात आली आहे. प्रत्येक पुटागणिक साल अधिक काळी, मऊ आणि चकचकीत होते, आणि चांगले आमसूल बोटांना किंचित चिकटले पाहिजे, ही त्याची परीक्षा. रातांबे फोडणाऱ्या बायकांची बोटे हंगामभर काळपट लाल राहतात आणि नखांच्या कडांचा तो डाग धुऊन लवकर जात नाही. आम्लतेमुळे हा रस तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवत नाहीत. चिनी मातीच्या बरण्या त्यासाठी वेगळ्या असतात.

हे सगळे काम पावसाच्या तोंडावर उरकावे लागते, आणि कोकमाच्या अर्थकारणाचा खरा कस येथेच लागतो. फळे पिकण्याचा काळ आणि मृग नक्षत्र यांत अंतर थोडे असते; पाऊस लवकर आला तर झाडावरची फळे भिजून कुजतात आणि अंगणात पसरलेल्या सालींना बुरशी धरते. उरलेली फळे मग कितीही लाल असली तरी निरुपयोगी ठरतात. म्हणून आमसूल हा पावसाळ्याच्या बेगमीचा भाग होता: समुद्र खवळलेला असताना ताजी मासळी मिळत नसे, तेव्हा सुकटीच्या कालवणात आणि कुळथाच्या पिठीत हेच आमसूल आंबटपणा आणी. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळणे हाही त्याचाच एक घरगुती उपयोग. मुंबईत गिरण्यांत आणि घरकामांत गुंतलेल्या चाकरमान्यांच्या सामानात आमसुलाची पुरचुंडी आणि आगळाची बाटली हमखास असे, आणि त्या वाटेनेच कोकम मुंबईच्या बाजारात स्थिरावले. साखरेत साली मुरवून केलेले अमृत कोकम हे पुढे सरबत म्हणून शहरात आवडीचे झाले. त्याने कोकमाला स्वयंपाकघराबाहेरचे गिऱ्हाईक मिळवून दिले.

बी सुद्धा टाकाऊ नव्हते. धुऊन वाळवलेल्या बियांची टरफले काढून आतला गर व्हाईनात, म्हणजे जमिनीत बसवलेल्या उखळात, कुटतात, तो पाण्यात घालून उकळतात आणि वर येणारा तवंग काढून थंड होऊ देतात. हे तेल थंड होताच मेणासारखे थिजते. ते हाताच्या मुठीत वळून त्याचे अंड्याच्या आकाराचे गोळे करतात, आणि मुठेल या नावात ती मूठच आहे. सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत ते घट्ट राहते, त्यामुळे कोकणच्या उन्हाळ्यातही त्याचा गोळा मोडत नाही. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना तो गरम करून लावण्याची चाल घरोघर होती. एकोणिसाव्या शतकात या तेलाकडे सरकारी वैद्यकाचेही लक्ष गेले. एडवर्ड वॉरिंग याने संपादित केलेल्या आणि १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या औषधकोशात कोकमाच्या तेलाला अधिकृत स्थान मिळाले, आणि १८७४ साली फ्ल्यूकिगर व हॅनबरी यांनी आपल्या औषधी द्रव्यांच्या ग्रंथात ते तयार करण्याची जी रीत दिली आहे, ती वर सांगितलेल्या रीतीपेक्षा फारशी वेगळी नाही. या धाग्याचे दुसरे टोक फार दूर निघाले. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो नियम केला, त्यात कोकोच्या लोण्याबरोबर पाच टक्क्यांपर्यंत वापरता येतील अशा सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांची यादी आहे, आणि त्या सहांमध्ये साल वृक्षाचे व आंब्याच्या कोयीचे तेल यांच्या शेजारी कोकमाचेही नाव आहे. टाचेला लावायच्या गोळ्याची ही प्रतिष्ठा अनेक कोकणवासीयांना आजही ठाऊक नाही.

इतका उपयोग असूनही लागवड का झाली नाही, या प्रश्नाचे पहिले उत्तर साधे आहे: रान पुरत होते. फळे वेचणाऱ्याला जेवढी हवी तेवढी मिळत असतील तर झाड लावून फळासाठी सात-आठ वर्षे वाट पाहण्याचे कारण उरत नाही. दुसरे उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोती होती, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोत नावाच्या मध्यस्थाकडे असे आणि कुळे त्याला धान्यरूपाने खंड देत. डोंगरउताराच्या हलक्या, नाचणी-वरीच्या वरकस जमिनी कुळांकडे असल्या तरी त्यांवरच्या झाडांचा हक्क कोणाचा, याबद्दलचे तंटे एकोणिसाव्या शतकात पुष्कळ झाले. ज्याला पुढील वर्षी जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नाही, त्याने उशिरा फळणारे झाड का लावावे? १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत संपली. त्यानंतरच वरकस जमिनीवर फळझाडांचा दीर्घ मुदतीचा विचार करणे लहान शेतकऱ्याला शक्य झाले, असे मानायला जागा आहे.

पण सर्वांत महत्त्वाचे कारण झाडाच्या शरीरातच आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. काही थोडी झाडे दोन्ही प्रकारची फुले धरतात. बी लावून वाढवलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात, आणि रोप नर आहे की मादी हे पानावरून, सालीवरून किंवा वाढीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी पहिल्या फुलोऱ्यापर्यंत सात-आठ वर्षे थांबावे लागते. त्या वेळीही नीट निरखावे लागते: नर झाडावर फुले झुबक्यांनी येतात आणि प्रत्येक फुलात पुंकेसरांची दाट गर्दी असते, तर मादी फूल एकटे किंवा दोन-तीनच्या जोडीने येते आणि त्याच्या मध्यभागी जाड बीजांडकोशावर पाकळ्या पाडल्यासारखी टोपी दिसते. दहा रोपे लावून, आठ वर्षे त्यांना सांभाळून, शेवटी त्यांतली पाचच फळ देणार असतील आणि तीही कोणती ते आधी कळणार नसेल, तर शेतकऱ्याने तो सौदा न करणे हा शहाणपणाच होता. मात्र या शहाणपणाला दुसरी, दुःखद बाजू होती. बांधावरचे झाड फळत नाही असे दिसले की ते वांझ समजून सरपणासाठी तोडले जाई. फळणाऱ्या झाडाला परागकण पुरवणारे तेच झाड आहे, हे ध्यानात न आल्याने पिढ्यानपिढ्या कुऱ्हाड नरांवरच चालली. रातांब्याच्या बाबतीत माणसाने जी काही निवड केली ती अशी उलटी झाली, आणि आसपासच्या मादी झाडांचे उत्पन्न कमी झाल्याचा दोष मग हवेला किंवा दैवाला दिला गेला.

कलम हा या कोंडीवरचा उपाय होता, आणि नवल असे की कलमाची विद्या कोकणात तीन-चार शतके वावरत होती. पोर्तुगीजांनी गोव्यात आंब्याची भेटकलमे बांधण्याची रीत आणली, म्हणजे कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीशेजारी नेऊन दोघांचे खोड एकत्र बांधण्याची. हापूस त्या रीतीनेच रत्नागिरीपर्यंत आला आणि त्याने जिल्ह्याचे नाव जगभर नेले. हापूसच्या कलमात खाली खुंट म्हणून रायवळ आंब्याचे रोप असते आणि वर हापूसची काडी. हिमालयातही हाच प्रकार दिसतो; तेथील डोंगरात मेहल नावाचे रानटी नाशपातीचे काटेरी झाड उगवते, त्याचे फळ लहान व तुरट असते, पण त्याच्या चिवट मुळांवर बागेतल्या नाशपातीचे कलम बांधतात. दोन्ही ठिकाणी रानटी झाडाचे काम मुळापुरते आहे. फळ येते ते पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या जातीचे. रातांब्याची अडचण येथे होती. त्याची जोपासलेली जातच नव्हती. कलमासाठी वर बांधायची काडी कोणाची, हा प्रश्न सुटल्याशिवाय खालच्या खुंटाला अर्थ नव्हता, आणि ती काडी रानात, व्हाळाच्या काठावरच्या एखाद्या निनावी झाडावर होती.

हे शोधण्याचे काम संस्थेवाचून होण्यासारखे नव्हते. दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याहून जुने आहे आणि ते या विद्यापीठाच्या कक्षेत आले. येथील संशोधकांनी दक्षिण कोकणातील रातांब्याच्या झाडांची पाहणी केली, फळाचा आकार, सालीची जाडी, आम्लता आणि हंगाम यांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांतून मोजकी मादी झाडे निवडली. १९९७ साली 'कोकण अमृता' आणि २००६ साली 'कोकण हातीस' या जाती प्रसारित झाल्या. अमृताचे फळ सुमारे ३५ ग्रॅमचे, तर हातीसचे ९० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या रातांब्याच्या जवळपास तिप्पट. हातीस हे रत्नागिरी तालुक्यातील गाव आहे, आणि शतकानुशतके नाव नसलेल्या झाडाला मिळालेले हे नाव त्या गावाचे आहे. या जातींमध्ये संकर नाही; एका निवडलेल्या झाडाच्या फांद्या हजारो खुंटांवर बांधल्या जाऊन तेच झाड जागोजाग उभे राहते. खुंट रानटी रातांब्याचा, काडीही रानटी रातांब्याचीच. आंब्यात आणि नाशपातीत रान पायाशी राहिले. रातांब्यात ते शेंड्यापर्यंत गेले, आणि या झाडाच्या लागवडीचे वेगळेपण यातच आहे.

ही लागवड प्रत्यक्षात कशी होते, तेही येथे नोंदवायला हवे. खुंटासाठी बी पूर्ण पिकलेल्या फळाचे घेतात, गर धुऊन सावलीत निथळवतात आणि लगेच पेरतात, कारण रातांब्याचे बी वाळले की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते. धान्यासारखे ते पुढच्या वर्षासाठी राखता येत नाही. तीन-चार आठवड्यांनी ते रुजू लागते. रोपाचे खोड पेन्सिलीएवढे झाले की मृदुकाष्ठ कलम बांधतात, म्हणजे खोडाच्या कोवळ्या, अजून लाकूड न झालेल्या भागावरचे कलम. खुंटाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर देतात, मादी झाडाच्या तेवढ्याच जाडीच्या काडीचे बूड दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखे करतात, ती चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात आणि ओल टिकावी म्हणून वर प्लास्टिकची टोपी घालतात. चिकामुळे काप लगेच माखतो, म्हणून हात चलाख असावा लागतो. या कामातली खरी मेख काडीच्या निवडीत आहे. रातांब्याच्या फांद्या दोन स्वभावाच्या असतात: काही सरळ वर जातात, पुष्कळशा आडव्या पसरतात. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलमही आडवेच वाढते, जमिनीवर झुडपासारखे पसरते आणि त्याला शेंडा कधी धरत नाही. सरळ फुटीची काडी बांधली तर झाड आपल्या मूळच्या शंकूच्या आकारात उभे राहते. काडी आपला जुना स्वभाव नव्या मुळांवरही विसरत नाही. रोपवाटिकेत कलम विकत घेताना ही गोष्ट पाहून घेणे हिताचे असते, कारण ती पुढे दुरुस्त करणे कठीण जाते. सरळ फुटी मातृवृक्षावर थोड्याच असतात, आणि चांगल्या कलमांचा तुटवडा त्यामुळेच भासतो.

कलमे पावसाच्या सुरुवातीला, सहा-सात मीटर अंतरावर, शेणखत आणि चांगली माती भरलेल्या खड्ड्यांत लावतात. पहिली दोन वर्षे त्यांना उन्हापासून सावली आणि उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे लागते. व्हाळाच्या काठची सवय येथे आठवावी. नारळ-सुपारीच्या कुळागरात रातांबा चांगला वाढतो तो याच सावलीमुळे. मुळे धरल्यावर मात्र त्याच्या मागण्या फार नाहीत, आणि चार-पाच वर्षांत फळ दिसू लागते, म्हणजे बियांच्या रोपाच्या निम्म्या काळात. १९९० पासून महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली तेव्हा कोकणात आंबा आणि काजू यांनी मोठी झेप घेतली. कोकम त्या तुलनेत मागेच राहिले, कारण तेव्हा पुरेशी कलमेही नव्हती आणि रानातली फळे अजून फुकट मिळत होती. त्यानंतरच्या काळात दोन गोष्टी बदलल्या. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल ओळखले होते. ते कोकमाच्या सालीतही आहे, आणि वजन कमी करण्याच्या गोळ्यांसाठी त्याला परदेशातून मागणी आली. २०१६ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडे गावात फळे वेचायला आणि फोडायला माणसे उरली नाहीत, आणि मे महिन्यात व्हाळाकाठी रातांब्यांचा सडा पडून तेथेच कुजताना दिसू लागला.

बागेत आलेल्या रातांब्याची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. बागेत जी जात जाते ती एका झाडाची असते. रानात मात्र प्रत्येक झाड वेगळे आहे. कोणाची साल जाड, कोणाची पातळ, कोणाचे फळ मार्चअखेर तयार, कोणाचे जूनपर्यंत झाडावर. कोठे पिवळ्या सालीचा रातांबाही आढळतो. पाऊस दरवर्षी आपली वेळ बदलत असताना लवकर पिकणाऱ्या झाडांची किंमत वाढणार आहे, आणि अशी झाडे व्हाळाकाठी असतील तरच पुढची जात निवडता येईल. जांभ्याच्या चिरेखाणींसाठी सडे खरवडले जातात, रस्ते रुंदावतात आणि खासगी रान कोळशासाठी व लाकडासाठी एकदमच तोडले जाते, तेव्हा या निवडीची सामग्रीच नाहीशी होते.

यात सर्वांत धोक्यात असलेले झाड तेच, ज्याला फळ येत नाही. शिफारस अशी आहे की दर दहा मादी कलमांमागे एक नर झाड बागेत असावे, वाऱ्याची आणि कीटकांची वाट पाहून ते ओळींमध्ये विखरून लावावे. बी लावून नराची खात्री करता येत नाही, म्हणून नराचेही कलमच बांधावे लागते. फळ धरत नसलेल्या जुन्या झाडावरही छाटल्यानंतर येणाऱ्या जोमदार फुटव्यावर मादीची काडी बांधता येते आणि ते झाड न तोडता उपयोगी पडते. पण नराच्या कलमासाठी काडी लागते ती नर झाडाचीच, तीही सरळ वर जाणाऱ्या फुटीची. त्यासाठी कलमे बांधणाऱ्याला जानेवारीत, फुलोऱ्याच्या दिवसांत, कोयता आणि ओले फडके घेऊन पुन्हा व्हाळाकाठी जावे लागते, आणि सरपणाच्या कुऱ्हाडीतून वाचलेली झाडे झुबक्यांच्या फुलांवरून ओळखून त्यांच्यावर खूण करून ठेवावी लागते.